जुनं सामान ऑनलाइन विकताना भाव कसा ठरवता? आणि घासाघीस करणाऱ्यांशी कसं बोलता?

निळी_सावली

नमस्कार मंडळी,

महिनाअखेरीस आम्ही लहान घरात राहायला जातोय. चार वस्तू काढायच्या आहेत: सहा वर्षं वापरलेला फ्रिज, समोरून दार असलेली वॉशिंग मशीन, जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या, आणि आईची पायाने चालवायची शिलाई मशीन.

गेल्या शनिवारी जाहिराती टाकल्या. पाच दिवसांत ४३ मेसेज आले. त्यातल्या २९ जणांनी "आहे का?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हटलं की पुढे सामसूम. एकाने वेळ ठरवली, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी थांबले, तो आलाच नाही. फोन बंद.

सगळ्यात लागलं ते टेबलाचं. फोनवर भाव पक्का झाला होता. गृहस्थ टेम्पो घेऊन आले, दोन खुर्च्या चढवल्या आणि मग म्हणाले, "पायाला ओरखडे आहेत, एक तृतीयांश कमी करा." ओरखडे फोटोत दिसत होते. पण दारात टेम्पो उभा, हमाल ताटकळलेले, अर्धं सामान वर गेलेलं. मी हो म्हणून बसले. पैशांपेक्षा आपण गप्प बसलो याचंच वाईट वाटतंय.

तर तुम्ही भाव कशावरून ठरवता? "लास्ट किती?" याला काय उत्तर देता? आणि आईच्या मशीनला किती मागायचं हे मला खरंच कळत नाहीये. कितीही लिहिलं तरी कमी वाटतं.

रानपाखरू

"आहे का?" मनाला लावून घेऊ नका. काही ठिकाणी ते वाक्य तयारच दिलेलं असतं, बोट लागलं की जातं. विचारणाऱ्याने जाहिरात वाचलेलीही नसते. मी नुसतं "हो" म्हणत नाही. "हो, आहे. बघायला आज संध्याकाळी येताय की उद्या सकाळी?" असं लिहिते. ज्याला घ्यायचंय तो वेळ सांगतो.

बोलका_पोपट

टेम्पो दारात उभा करून भाव पाडणं याला घासाघीस म्हणत नाहीत ताई, याला कोंडीत पकडणं म्हणतात.

खटपट्या

वरच्याला अनुमोदन. आता भावाबद्दल.

बहुतेक जण इतरांच्या जाहिराती बघून भाव ठरवतात. तिथेच चुकतं. जी जाहिरात तुम्हाला दिसतेय ती वस्तू अजून विकली गेलेली नाही. म्हणजे तो भाव कोणीतरी मागतोय, कोणी दिलेला नाही. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून बघायची सोय आहे, तशी असेल तिथे तीच बघावी. नसेल तर तुमच्यासारख्याच आठ-दहा जाहिराती निवडून आठवडाभर लक्ष ठेवा. ज्या लवकर गायब झाल्या त्यांचा भाव खरा. ज्या महिनोन्महिने तिथेच आहेत त्यांच्याकडे बघूच नका.

जाहिरात टाकल्यावर पहिल्या तासातच पाच-सहा जण "आत्ता येतो" म्हणाले, तर कमी मागितलंय. दोन आठवडे कोणी फिरकलं नाही, तर जास्त. उतरवायचा तर एकदाच, नीट उतरवा. रोज थोडा थोडा खाली आणला की बघणारा म्हणतो, आणखी चार दिवस थांबू.

तुमच्याकडे तारीख ठरलेली आहे. ती जाहिरातीत लिहू नका. "महिनाअखेर घर सोडायचंय" वाचलं की समोरचा महिनाअखेरच उजाडायची वाट बघतो.

निळी_सावली

अरे देवा, तेच लिहिलंय मी. पहिल्याच ओळीत. आत्ता काढते.

मीठभाकर

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण माझं घर जवळजवळ सगळं वापरलेल्या वस्तूंवर उभं आहे. कपाट, पलंग, दोन पंखे, मुलीचं अभ्यासाचं टेबल.

आम्ही भाव का पाडतो ते समजून घ्या. दुकानातली वस्तू बिघडली तर वॉरंटी असते, तुमची बिघडली तर मी कोणाकडे जाऊ? गाडीभाडं माझं, उचलायला माणसं माझी. मेकॅनिक लागला तर तोही माझ्याच खिशातून. त्यात तुम्ही काही लपवत असाल का, हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून चांगल्या वस्तूलाही मी वाईटाच्या हिशेबाने भाव सांगतो. यात चांगली वस्तू विकणाराच भरडला जातो, हे मला मान्य आहे.

पण यावर तोड आहे. एकदा मी एका कपाटाची जाहिरात बघितली. सहा फोटो, त्यातले दोन फक्त दोषांचे. एकात खालच्या कोपऱ्याला पाणी लागून फुगलेलं लाकूड, शेजारी मोजपट्टी ठेवलेली. दुसऱ्यात एक बिजागरी, खाली लिहिलेलं: "ही सैल आहे, दार थोडं उचलून लावावं लागतं." मी गेलो, दार उचलून लावून बघितलं, सांगितला तेवढा भाव दिला. जो माणूस बिजागरीपर्यंत सांगतो तो आतून वाळवी लपवणार नाही, असं मनाने घेतलं.

अर्थाअर्थी

मीठभाकर, तुम्ही जे लिहिलंत नेमकं त्यावर जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा प्रसिद्ध निबंध आहे. उदाहरण जुन्या मोटारींचं. विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकायला तयार होत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे खराब गाड्या उरतात. त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धर्तीच्या कामासाठी, आणखी दोघांसोबत. तुमची मोजपट्टीची गोष्ट म्हणजे या दुखण्यावरचा घरगुती उपाय.

निळी_सावली, "कितीही लिहिलं तरी कमी वाटतं" यावरही प्रयोग झालाय. काहनमन, नेच आणि थेलर यांनी १९९० साली तो छापला. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, अर्ध्यांना दिले नाहीत. मग विचारलं, किती आले तर विकाल आणि किती देऊन घ्याल? ज्यांच्या हातात कॉफीचा मग होता त्यांनी साधारण दुप्पट भाव सांगितला. आणि तो मग त्यांना नुकताच मिळालेला होता! तुमची मशीन तर आईची.

आणखी एक. "तुम्हीच सांगा किती द्याल" असं कधी म्हणू नये. पहिला आकडा ज्याचा, त्याच्याभोवती पुढचं सगळं बोलणं फिरतं. ट्वर्स्की आणि काहनमन यांनी १९७४ साली लिहिलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी योजना होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं, ६५ बघितलेल्यांचं ४५. ज्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही तो एवढं ओढतो, तर समोरच्याने सांगितलेला पडेल भाव किती ओढेल!

खटपट्या

अर्थाअर्थी, प्रतिसाद आवडला, पण एक मतभेद नोंदवतो. पहिला आकडा आपला हवा हे खरं. म्हणून लोक दुप्पट मागतात आणि म्हणतात, घासाघीस होऊन येईल बरोबर. येत नाही. शोधणारा वरची किंमत घालून यादी गाळतो, तुमची वस्तू त्याला दिसतच नाही. मी अपेक्षेपेक्षा दहा टक्के वर लिहितो, बस्स. तेवढ्यात समोरच्यालाही काहीतरी कमी करून घेतल्याचं समाधान मिळतं.

अर्थाअर्थी

हे पटलं. दुप्पट मी म्हणतच नव्हतो.

चिमणीचं_घर

आमच्याकडची गंमत. मुलीची लहान सायकल विकायला काढली होती. एक ताई बघायला आल्या. मी भाव सांगितला, त्यांनी थोडा कमी सांगितला, मी म्हटलं नाही हो, परवडत नाही. तेवढ्यात आमचं पाच वर्षांचं रत्न आतून धावत आलं आणि म्हणालं, "पण आई, बाबा म्हणाले ना काहीही आले तरी देऊन टाक!"

त्या ताई इतक्या हसल्या की त्यांनी पूर्ण भाव दिला. वर कन्येला सायकलवरून एक फेरी मारून आणली.

रानपाखरू

हाहाहा! बाबा कुठे होते तेव्हा?

चिमणीचं_घर

स्वयंपाकघरात. बाहेरच आले नाहीत.

थंडगार

मी फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम करतो. धाग्यावर उशिरा आलो, पण ताईंच्या दोन वस्तू माझ्या खात्यातल्या आहेत म्हणून लिहितो.

फ्रिज विकायचा असेल तर माणूस येईल तेव्हा तो चालू पाहिजे. बंद, पुसलेला फ्रिज बघून शंका येते. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकून निघाला तर रबर ठीक. सहज सुटला तर रबर गेलंय, तेवढं आधीच सांगा. चारही बाजूंना करून दाखवा, बघणाऱ्याला बरं वाटतं. मागच्या पट्टीवर कोणता गॅस आहे ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो टाका. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील असतो, त्यामुळे मागच्या नळ्यांना नेताना मार बसता कामा नये.

न्यायचा उभा. आडवा टाकला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, हे घेणाऱ्याला लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. लगेच बटण दाबतात, मग कॉम्प्रेसर बसतो आणि बोल तुम्हाला लागतो. माझ्याकडे असे फ्रिज आलेत.

वॉशिंग मशीन समोरच्या दाराची आहे म्हणालात. नवी आली तेव्हा मागून लांब बोल्ट काढले असतील. ते ड्रम घट्ट धरून ठेवतात. वाहतुकीत ते परत लावायचे असतात, नाहीतर धक्क्याने आतले दांडे आणि स्प्रिंग जातात. ते बोल्ट शोधा.

निळी_सावली

थंडगार दादा, खूप आभार. बोल्ट कुठे असतील याची काहीच कल्पना नाही. शोधते.

एकांडा

मला ही सगळी खटाटोप पटत नाही. आयुष्यभर वापरून झालंय ना? देऊन टाका फुकट. २००३ साली अमेरिकेत टूसॉनमध्ये फ्रीसायकल नावाची चळवळ सुरू झाली, नुसती फुकट देवाणघेवाण. पुढे ती कितीतरी देशांत पसरली. वस्तू वापरात राहते, कचऱ्यात जात नाही, भावाची कटकट नाही.

रानपाखरू

एकांडा, मनापासून आदर आहे. पण फुकट दिलं तर कटकट संपते असं नाही. मी पुस्तकांचं कपाट फुकट म्हणून टाकलं होतं. नऊ जणांनी हक्क सांगितला, एकही आला नाही. मग अगदी नाममात्र किंमत लावली, तर त्याच संध्याकाळी गेलं. पैसे मोजायचे म्हटलं की माणूस आधी घरी जागा मोजून येतो.

एकांडा

फुकट देताना मी माणूस निवडतो, रांग लावत नाही. शेजारी, ओळखीचे, ज्यांना गरज आहे असे. अनोळखी लोकांना फुकट म्हटलं तर तुम्ही म्हणता ते होत असेल, मान्य.

सावधान_राहा

कोणी अजून फसवणुकीवर लिहिलं नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी मी सोफा विकत होतो. पहिल्याच मेसेजमध्ये एकाने पूर्ण भाव कबूल केला. बघायला येतो म्हणाला नाही, एक प्रश्न विचारला नाही. "मी बाहेरगावी आहे, माणूस पाठवतो, पैसे आधी टाकतो." मग एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील. मी टाकला. पैसे गेले. "चुकून उलटं झालं, परत करा, दोन्ही मिळून येतील" म्हणाला. मी परत टाकला. दोनदा गेले.

शिकलेला माणूस आहे मी. तरी झालं, कारण तो बोलत होता आणि मला विचार करायला वेळ देत नव्हता. लगेच बँकेला कळवलं आणि तक्रार केली, तरी पैसे आले नाहीत. म्हणून स्पष्ट लिहितो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे आल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या खात्यात शिल्लक वाढलेली दिसली पाहिजे. आणि कोणी "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" म्हणाला तर आधी बँकेशी बोला.

वस्तू न बघता, घासाघीस न करता जो पूर्ण भाव देतो त्याच्यापासून सावध. घासाघीस करणारा निदान खरा गिऱ्हाईक असतो.

मीठभाकर

सावधान_राहा, हे उघडपणे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या ओळखीत एकांना असंच झालं, त्यांनी महिनाभर घरात सांगितलं नव्हतं.

सुईदोरा

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. सगळ्याच वस्तू विकू नयेत. हेल्मेट आणि गाडीतली लहान मुलांची सीट यांना एकदा जोराचा मार बसला की बाहेरून धड दिसली तरी भरवसा राहत नाही, आणि घेणाऱ्याला ते कळत नाही. बाळाचे जुने पाळणे, ज्यांची एक बाजू खाली सरकते, त्यांत बाळं अडकून दगावली म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. जुन्यालाही. आणि गादी घेणार असाल तर शिवणी उलटून बघा. ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे "गादी बंद खोलीत होती" याला काही अर्थ नाही.

आता मुद्द्यावर. निळी_सावली, मी शिवणकाम करते, पायमशीनवर शिकले. तुमच्या मशीनच्या जाहिरातीत किती वर्षांची, कोणाची, हे असेलच. ती शिवते का, हे आहे का? शिवणारी बाई आधी तेच बघते. एक फडक्याचा तुकडा घ्या, वेगळ्या रंगाचा दोरा घाला, एक सरळ शिलाई मारा आणि त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाका. वरची आणि खालची टीप सारखी दिसली की ताण बरोबर आहे हे तिला न विचारता कळतं. बॉबिनची डबी आहे का, पट्टा कसा आहे, पायटा फिरताना आवाज करतो का, तेही लिहा. सिंगरची असेल तर अंगावरच्या क्रमांकावरून साल काढता येतं. १९०० पासून त्यांचे क्रमांक अक्षराने सुरू होतात.

आणि ती शोभेची वस्तू म्हणून विकायची की शिवायला, हे तुम्ही ठरवा. शोभेला घेणारा कदाचित जास्त देईल. वरचं डोकं काढून खालच्या लोखंडी स्टँडवर काच टाकतात, टेबल करतात. मला ते बघवत नाही.

निळी_सावली

सुईदोरा ताई, हे वाचून थांबले. काल एकाने स्टँडपुरतीच मागितली होती, आणि आकडा चांगला होता. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

अर्थाअर्थी

दोष सांगण्यावरून आठवलं. ईबे १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलं, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी सांगतात ती होती एक मोडका लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरना गेला. ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं, मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो.

बोलका_पोपट

म्हणजे माझ्या बंद पडलेल्या मिक्सरलाही आशा आहे.

थंडगार

मिक्सर माझ्याकडे आणा, आधी बघू बंद का पडला ते. बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजलेले असतात.

निळी_सावली

मंडळी, आठ दिवसांनी येतेय. तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

फ्रिज गेला. कागद चारही बाजूंना ओढून दाखवला, खालच्या बाजूला सुटला, ते मी जाहिरातीतच लिहिलं होतं. घासाघीस झाली नाही. एका कागदावर "पोचल्यावर चार तास उभा, मग चालू" असं लिहून दारावर चिकटवून दिलं.

मशीन. स्टँडवाल्याला नाही म्हटलं. सुईदोरा ताईंनी सांगितल्याप्रमाणे पिवळ्या फडक्यावर निळ्या दोऱ्याची शिलाई मारली. पंधरा वर्षांनी मशीनवर बसले. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं आणि दोरा तटकन तुटला. आई तिथेच असती तर म्हणाली असती, हात लाव आधी चाकाला. हात लावून सुरुवात केली, मग चालली.

परवा एक बाई आल्या. काही न बोलता बसल्या, दोऱ्याचं टोक ओलं करून एका फटक्यात ओवलं, फडकं दुमडून दोन बोटं लांब शिवलं, उलटून खालची टीप नखाने खरवडून बघितली. मग खाली वाकून पट्टा दाबला. मी म्हटलं, पट्टा सैल आहे. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही लिहिलंय, म्हणून त्याचं मागत नाही. पण स्टँडचं मागचं एक चाक नाहीये. ते लिहिलेलं नव्हतं."

मी वाकून बघितलं. खरंच नव्हतं. त्या जागी आईने कधीतरी लाकडाचा ठोकळा बसवला होता, इतका नीट की मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता. मी स्वतःहूनच भाव उतरवला. त्यांनी म्हटलं त्यापेक्षा थोडा जास्तच उतरवला. ठोकळा काढू का विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या, बरोबर बसलाय."

गाडीत चढवायच्या आधी पैसे खात्यात आलेले बघितले. हे आता अंगवळणी पडलंय, सावधान_राहा यांच्यामुळे.

सुईदोरा

डोळे भरून आले. मशीन चालत राहणार.

मीठभाकर

छान झालं. आता वॉशिंग मशीनच राहिली ना?

निळी_सावली

हो. बोल्ट सापडले! जुन्या बिलांच्या पिशवीत, रबरबँड लावलेले. पण तीनच आहेत. थंडगार दादा, चौथा हरवला असेल तर नेता येईल का?

थंडगार

काही मॉडेलना तीनच असतात. मशीनच्या मागे प्लास्टिकची झाकणं बसवलेली भोकं मोजा.

निळी_सावली

मोजली. तीनच आहेत.